पुडीत काय होतं

बिल्किसनं काचपट्टीवर तेलाचा आणखी एक थेंब सोडला आणि शंभर पांढऱ्या पेशी तिसऱ्यांदा मोजायला घेतल्या. नारिंगी दाण्यांची पेशी, इओसिनोफिल, एकही नाही. एरवी वीस-तीस भरणाऱ्या लिम्फोसाइट पेशी जेमतेम नऊ. पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसात, जन्मलेल्या बिल्किसची निम्मी हयात शहागंजातल्या या लॅबमध्ये गेली होती. अनवाणी रानात राबणाऱ्या बाईच्या रक्तात, पोटातल्या जंतांमुळं, त्या नारिंगी पेशी पाच-सहा तरी हमखास सापडत. इथं शून्य.

ती उठून बाहेर आली. बाकावर पाचोडची दगडाबाई बसली होती. घोट्यावरची जखम तीन महिने भरत नव्हती, म्हणून रक्त तपासायला आलेली. या खेपेला बिल्किसनं जखमेकडं नाही, चेहऱ्याकडं पाहिलं. चेहरा गोल, फुगलेला. हात मात्र काडीसारखे, त्यांवर निळे डाग.

"मावशी, औषध कोणतं चालू आहे?"

"कंचंच नाय."

"सांधे दुखतात?"

"दुखायचे. आता नाय. बाजारात बन्सी वैद्य बसतो, त्याच्या पुड्या घेते. जडीबुटी हाय. दोन वर्सं झाली. त्याच्या आधी माझी येणी मला घालता येत नव्हती, बाई."

बिल्किस तिच्या शेजारी टेकली.

"त्यात स्टेरॉईड असणार, मावशी. त्यानं सूज उतरते, दुखणं थांबतं, हे खरं. पण रोगाशी लढणाऱ्या पेशी तुमच्या रक्तातून निघून गेल्यात. उरल्यात त्या नुसत्या फिरतात, जखमेपर्यंत पोचत नाहीत. म्हणून पाय भरत नाही."

दगडाबाईनं कनवटीची पुडी काढून तळहातावर ठेवली.

"म्हंजी फेकून देऊ?"

"नाही. एकदम थांबवलं तर जिवावर बेतेल. पुडी घेऊन घाटीच्या सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर हळूहळू कमी करतील."

"आन् सांधे?"

"दुखतील. दुसरी औषधं आहेत, पण खोटं सांगत नाही. दुखतील."

बिल्किसनं आत जाऊन आकड्यांखाली एक ओळ लिहिली: रुग्ण स्टेरॉईड घेत असण्याची शक्यता, अचानक बंद करू नये. लॅबचे मालक नानासाहेब यांनी कागद वाचला आणि ती ओळ खोडली.

"आपण आकडे द्यायचे. निदान डॉक्टरांचं काम. अन् अशा पुड्या विकणारेच निम्मे पेशंट धाडतात आपल्याकडं. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

तिनं नवा कागद घेतला. तेच आकडे, तीच ओळ. खाली आपली सही केली.

"आता खोडायचं तर सहीसकट खोडा, नानासाहेब. उद्यापासून मोजायला दुसरं कुणी बघा."

नानासाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते आतल्या खोलीत गेले.

दगडाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ती ओळ बिल्किसकडून दोनदा वाचून घेतली.

"दुखणं माझं, पाय माझा," ती म्हणाली, "अन् पोटात काय घालतो ते मलाच नाय सांगायचं, व्हय?"

दीड महिन्यानं ती परत आली. काठी टेकत, पायरीवर दोनदा थांबत. सांधे पुन्हा धरले होते. जखमेच्या कडा मात्र गुलाबी दिसत होत्या. मागं चार बायका होत्या.

"ह्यांच्या बी मोज," ती म्हणाली.

दर बाजाराला ती बन्सीच्या समोर बसत होती, पट्टी बांधलेला पाय पुढं आणि रिपोर्ट मांडीवर. विचारील त्याला सांगायची. बन्सीनं शिव्या घातल्या, तिचं बसायचं पोतं नाल्यात भिरकावलं. ती मातीत बसली.

चौघींपैकी तिघींच्या रक्तात तेच निघालं. पुढच्या आठवड्यात आणखी सहा जणी आल्या. प्रत्येक रिपोर्टखाली बिल्किस ती ओळ लिहीत राहिली. बाजारांमधून येणारे पेशंट कमी होत गेले. नानासाहेब तिच्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले.

एका दुपारी ते स्वतः रक्ताची नळी घेऊन तिच्या टेबलापाशी आले.

"हे आधी बघ."

नळीवर नाव नव्हतं. तिनं काचपट्टी रंगवली, वाळवली, मोजली. ते तिथंच उभे राहिले. लिम्फोसाइट अकरा. इओसिनोफिल शून्य. तिनं आकडे लिहिले, खाली ओळ लिहिली.

"नाव काय घालू?"

"राहू दे तसंच."

"बिननावाचा रिपोर्ट मी देत नाही, नानासाहेब."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"भागूबाई," ते म्हणाले. "वय अठ्ठ्याहत्तर. चितेगाव." मग घसा खाकरून, "आमची आई."

बिल्किसनं नाव लिहिलं, सही केली आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. नानासाहेबांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी केली आणि छातीपाशी खिशात ठेवला.