अर्जातलं अकरावं नाव

हेम्प म्हणजे गांज्याची सोज्वळ बहीण. नशा नाही, नुसता धागा. दोर होतात, कापड होतं, विटासुद्धा होतात म्हणे. इथे अमिरातीत लागवडीचा परवाना मिळू शकतो असं कळलं आणि रास अल खैमातल्या आमच्या शेताच्या मालकाने अर्ज करायचं ठरवलं. भरणार कोण? अर्थात मी, मंजुषा. कागदपत्रं सांभाळायलाच तर मी रोज दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सहून सव्वा तास गाडी हाकत येते.

कुंपण, कॅमेरे, बियाण्याचा दाखला, सगळं झालं. शेतात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची लघवीची तपासणी राहिली होती. यादीत अकरा माणसं. शेवटचं नाव तुकारामभाऊंचं. राजापूरकडचे, चौदा वर्षं या शेताचं पाणी सांभाळणारे. तंबाखूलाही न शिवणारा माणूस.

तपासणी दिवाळीनंतरच्या बुधवारी होती. आदल्या दिवशी मी फराळाचा डबा नेला. त्यातले अनारसे माझी नणंद अनुपमा पुण्याहून बॅगेतून घेऊन आली होती. त्यांच्यावरची खसखस मला दिसली होती. या देशात खसखस बाळगणं गुन्हा आहे, हे नव्या कामगारांना मीच दटावून सांगते. पण तळलेल्या अनारशाकडे कोण बघतंय, आणि नणंदेने एवढ्या प्रेमाने केलेलं टाकायचं कसं? बाकीच्यांनी चिवड्यावर ताव मारला. अनारसे एकट्या तुकारामभाऊंनी खाल्ले, चांगले सहा.

सोमवारी रिपोर्ट आला. दहाजण स्वच्छ. तुकारामभाऊंच्या नावापुढे अफू.

"मॅडम, ये आदमी खलास," मॅनेजर मोहिद्दीन म्हणाला. "कल तक लिख के कारण दो, नहीं तो रिपोर्ट पुलिस को जायेगा. ग्यारह का दस करो, फाइल भेजो."

खसखस म्हणजे अफूचंच बी, माझ्या लगेच लक्षात आलं. अनारशांचं लिहिलं तर तुकारामभाऊ सुटणार आणि मी अडकणार. मी बॅग उचलली आणि घरी निघून आले. त्याची मला अजून लाज वाटते.

"तू गप्प बस," नवरा म्हणाला. निखिल एरवी भला माणूस आहे. "तुझी नोकरी जाईल, केस होईल, आभाच्या शाळेचं काय? त्यांनी खोकल्याचं औषध घेतलं म्हणून लिही, त्यातही अफूचा अंश असतो."

नऊ वर्षांच्या आभाने वहीतून डोकं वर काढलं. "बट ममा, यू गेव्ह इट टू हिम."

निखिलने तिला आतल्या खोलीत पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकारामभाऊ ऑफिसात आले. डोळे सुजलेले. "ताई, मी खरंच काही घेतलं नाही हो. त्यांना इंग्रजीत पाहिजे. तुम्हीच काय ते लिहा."

मी खोकल्याचं औषध लिहिलं. त्यांनी खिशातलं पेन काढून मुकाट सही केली.

"वाचून दाखवू का?" मी विचारलं.

"कशाला? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

मला इतका संताप आला! त्यांचा, अनुपमाचा, आणि सगळ्यात जास्त माझा. कागद फाडला आणि दुसरा लिहायला घेतला. फराळ, अनारसे, खसखस, डबा कुणी आणला, कुणाला दिला. खाली माझं नाव, पासपोर्टचा नंबर आणि सही.

मोहिद्दीनने दोनदा वाचलं. "मॅडम, सोच लो."

"सोच लिया. भेज दो."

त्याने माझ्यासमोर तो कागद पाठवला. आता परत घ्यायची सोय नव्हती. पुढे माझं काय होईल ते होवो, निदान हा माणूस तरी वाचला असं वाटून मला हलकं वाटलं.

तुकारामभाऊ दारात उभे होते. "काय लिहिलंत, ताई?"

मी मराठीत सगळं सांगितलं. ते आभार मानतील असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?



"म्हणजे तुम्हाला कालच माहीत होतं?"

"हो."

"काल मी बायकोला फोनवर पोरांची शपथ घेऊन सांगत होतो," ते म्हणाले. "तिला पटलं नाही."