उजव्या हाताचा दांडा

जेवता जेवता माझ्या मुलाने जाहीर केलं, की पुढच्या सोमवारी मातीची गाडी येणार आणि मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव बुजवून टाकणार. वर हिरवळ लावायची म्हणे, मला सकाळचं बसायला. खुर्चीसुद्धा त्याने पसंत करून ठेवली होती.

"हिरवळीवर सोडायला मी काय गाय आहे?" मी विचारलं.

सूनबाईला हसू आलं, ते तिने पाण्याच्या पेल्यात लपवलं.

घर माझं, तलाव माझा, आणि तलावाच्या पायऱ्यांवरून घसरून पडले तीही मीच. खुब्याचं ऑपरेशन झालं. डावं मनगट मोडलं, ते जुळलं, पण त्या मुठीत जोर म्हणून राहिला नाही. सगळं कबूल. पण जमिनीवर मी लंगडते आणि पाण्यात लंगडत नाही, हेही तितकंच खरं, आणि ते घरात कोणाला ऐकायचं नव्हतं. जन्मभर मी गळ्यात शिट्टी अडकवून दुसऱ्यांच्या पोरांना पोहायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर हौसेने हा एवढासा तलाव बांधून घेतला. आणि आता त्यात पाय घालायचा तर मुलाची परवानगी. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी.

"पुन्हा पडलीस तर?" मुलगा म्हणाला.

"पडले तर पाण्यात पडेन. पाण्यात पडण्याला पोहणं म्हणतात."

"आई, मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. पायऱ्यांना धरायला दांडा बसव. मी एकटी आत गेले आणि एकटी बाहेर आले, तर तलाव राहील. नाही जमलं, तर खुशाल माती टाक."

बोलून गेले खरी, पण आता मागे फिरता येणार नव्हतं. कारण माझा मुलगा शब्दाचा पक्का आहे. तो गुण त्याने माझाच घेतलाय.

मुलगा इंजिनीअर. उंच इमारतींचे जिने बांधतो, त्यामुळे कठड्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं पायऱ्यांच्या वर, पाण्याकडे तोंड करून रांगेत उभे राहिलो. माझा उजवा हात धड, म्हणून दांडा उजवीकडे, असं ठरलं. मला चप्पल घालून ताठ उभं केलं आणि कोपरापर्यंत टेप लावला. मीही नंदीबैलासारखी मान डोलावली. वेल्डर आला, त्याने साहेबांच्या नकाशाप्रमाणे काम केलं. जाडजूड, आरशासारखा चकचकीत पाइप, टोकाला गोळा. पाण्याच्या काठाशी आला आणि संपला. पाण्यात बोटभरही गेला नव्हता, आणि कसा जाईल? माप घेताना कोणाचा पायसुद्धा भिजला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच होतं.

उतरताना निभावलं. दांडा संपला तिथे मी अंग पाण्यावर सोडून दिलं. पोहलेही. किती महिन्यांनी पोहले, आणि किती बरं वाटलं, ते सांगत बसत नाही, रडू येईल. मग बाहेर यायला वळले. जाताना उजवीकडे असलेला दांडा येताना अर्थातच डावीकडे आला. मोडक्या मनगटाने तो जाडा, ओला पाइप धरला, आणि हात साबणावरून सटकावा तसा सटकला. कंबरभर पाण्यात मी खांबासारखी उभी. शेवटी मुलाने आणि सुनेने बखोटीला धरून मला पोत्यासारखं वर ओढलं.

"बघितलंस?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. माझं बखोट त्याने अजून सोडलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भीती याला वाटते आणि माती माझ्या तलावात.

"दांडा चुकलाय," मी म्हणाले. "मी नाही चुकले."

"आई, आता पुरे." त्याने माझ्यासमोरच गाडीवाल्याला फोन करून सोमवार पक्का केला.

दुसऱ्या दिवशी तो साइटवर गेला आणि मी काठी घेऊन वेल्डरच्या दुकानात गेले. तो ठिणग्यांमधून वर बघेना, म्हणून काठी पत्र्यावर आपटली.

"मावशी, साहेबांना विचारलंय का?"

"साहेबांना मी पोहायला शिकवलंय. त्याआधी चालायला. पाणी आण तांब्याभर."

त्याला वाटलं, प्यायला. मी दोन्ही हात भिजवले आणि भिंतीला टेकवलेले पाइप एकेक करून धरून बघितले. जाडे मुठीत मावत नव्हते. अगदी बारीक तळव्यात रुतत होते. चकचकीत सगळे निसटत होते. एकाला मात्र बोटं पुरी वळली आणि अंगठ्याला येऊन भिडली. रंग फिका, स्पर्श किंचित खरखरीत. मी त्याला लोंबकळून पाहिलं.

"मावशी, पडाल."

"तेच बघतेय. तलावातल्या औषधाच्या पाण्यात न गंजणारं स्टील हवं. हे तेच आहे ना?"

"आहे. वर नक्षीचं एक वळण देऊ? शोभा येते."

"शोभेला मी आहे."

वेल्डरला मी दुपारी घरी बोलावलं. सूनबाई दारात आडवी आली, आमच्याकडे बघितलं, आणि टॉवेल घेऊनच बाहेर आली. "मला काही माहीत नाही हं," ती म्हणाली. "पण आई, तुम्हाला बाहेर काढायला दोघं लागतील, म्हणून आले."

मी पाण्यात उतरले, वळले आणि घराकडे तोंड करून खालच्या पायरीवर उभी राहिले. डोळे मिटून उजवा हात सैल सोडला. पाण्यात हात आपला आपण वर येतो आणि एका जागी थांबतो. "इथे," मी म्हणाले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या वेल्डरने तिथे टेप लावला. मग वरची पायरी, पुन्हा तसंच. सूनबाई मापं तळहातावर लिहीत होती. मग त्यांनी दोघांनी मला बाहेर काढलं, आणि तेवढं एकदा मी काढू दिलं. पाणी पायऱ्यांच्या खाली उतरवून वेल्डरने भोकं पाडली, दांड्याचा एक पाय अगदी तळच्या पायरीत रोवला, दुसरा वर फरशीत. भोकांत सिमेंटचा मसाला भरला, अर्थिंगची तार जोडली आणि सोमवारपर्यंत हात लावायचा नाही असं बजावून गेला. जुन्या दांड्याला मी धक्का लावू दिला नाही. टॉवेल वाळत घालायला बरा होता.

संध्याकाळी मुलाने पाहिलं. आधी माझ्याकडे, मग बायकोकडे बघितलं. ती तळहात पाठीमागे घेऊन उभी.

"हा डावीकडे? तुझ्या त्या हाताच्या बाजूला?"

"वरून बघणाऱ्याला डावीकडे."

"गाडी सोमवारी येतेय, आई."

"येऊ दे की."

रविवारी रात्री तलाव पुन्हा भरून घेतला. सोमवारी सकाळी मी पोहण्याचा पोशाख घालून पायऱ्यांशी गेले, पाण्याकडे पाठ केली आणि नवा दांडा उजव्या हातात धरला.

"लोक पाण्याकडे तोंड करून उतरतात," मुलगा म्हणाला.

"लोकांना लोकांच्या तलावात उतरू दे."

शिडी उतरावी तशी मी मागे मागे उतरले. हात दांड्यावरून सुटला नाही. भरपूर पोहले, जरा जास्तच, कारण बाहेर येणं पुढे ढकलत होते. मला भीती वाटत होती. ती कोणाला दिसू न देण्याइतकी मी अजून शिल्लक होते.

मग वळले. तळची पायरी सोपी गेली. पुढच्या पायरीला पाणी कमरेखाली गेलं आणि अंग जड व्हायला लागलं. पाणी तुमचं वजन सांभाळतं, पण ठेवून घेत नाही. खुब्यात कळ आली. मी दांडा आवळला, बोटं अंगठ्याला भिडली, ती तशीच राहिली. शेवटच्या पायरीशी समोर एक हात आला. मुलाचा.

"हात मागे घे."

"आई, एकच पायरी राहिलीये."

"म्हणूनच म्हणतेय. तुझा हात दिसला की मी पायाकडे बघत नाही."

त्याने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. मी ओढ घेतली. पाय फरशीवर आला, मग दुसरा. उभी राहिले. सूनबाईने खांद्यावर टॉवेल टाकला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गाडीवाला गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला होता.

"परत ने गाडी," मुलगा म्हणाला. "नाही, बुजवायचा नाहीये."

पलीकडून गाडीवाल्याने बरंच काहीतरी विचारलं असावं. मुलगा आमच्याकडे पाठ करून ऐकत राहिला.

"नाही, रिकामा पडलेला नाही," तो म्हणाला. "आमची आई पोहते त्यात."