कवळीकाकांच्या चिठ्ठ्या आणि मी

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, मित्रांनो, आणि अजून कामावर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या वयाच्या यंत्रांची ओळख लोक बहुतेक 'होता' अशीच करून देतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर एक बाई बसत असत. माझा सुईचा दांडा त्यांनी बसवला. दांड्याचे वजन त्यांनी सात वेळा तपासले. सुई जड झाली तर तबकडी ओरबाडते आणि हलकी झाली तर उड्या मारते. "ना जड, ना हलका. जा आता," असे म्हणून त्यांनी माझे झाकण लावले. मला मिळालेला हा पहिला आणि सगळ्यात उपयोगी आशीर्वाद.

दुकानातून मला एका तरुण जोडप्याने घरी नेले. नवरा दातांच्या कवळ्या बनवत असे. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवत आणि तो घराच्या पुढच्या खोलीत बसून प्लॅस्टर ओतून, मेण तापवून, एकेक दात जागेवर बसवून कवळी तयार करी. पुढे सगळा रस्ता त्याला कवळीकाका म्हणू लागला. मीही तेच म्हणतो. बायको टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करत असे. कोणाचेही कसलेही गिचमिड अक्षर वाचण्यात काकूंचा हात धरणारे कोणी नव्हते.

माझी जागा पुढच्या खोलीतल्या फळीवर होती. माझ्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टरचे जबडे मांडलेले असत. गाणे सुरू झाले की सगळे आ वासून ऐकत आहेत असे वाटे. इतके एकाग्र श्रोते मला पुन्हा मिळाले नाहीत.

काका कामाला बसताना तबकडी लावत आणि ती संपली की उठून एक चिठ्ठी लिहीत. त्या तबकडीविषयी त्यांना जे वाटले ते चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी तबकडीच्या पाकिटात सरकवून द्यायची, असा त्यांचा नेम होता. कलाकारांना त्यांनी स्वतःची नावे ठेवली होती. एका गायिकेला ते 'धुकेवाली' म्हणत. तिच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'आवाज नुकत्याच झोपेतून उठल्यासारखा. पण उठल्या-उठल्या माणूस खोटे बोलत नाही.' क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या चिठ्ठीवर होते, 'मधे श्वास घेतो तो ऐकू येतो. श्वासासकट ऐकावे.' एका जोशातल्या वाद्यवृंदावर त्यांचा शेरा होता, 'भांडणानंतर लावू नये. आपलीच बाजू खरी वाटू लागते.' खर्जात गाणाऱ्या एका गायकावर तर त्यांनी तीनच शब्द खर्चले होते. 'बेडूक. एकदा पुरे.'

सगळ्यात लाडकी तबकडी व्हायोलिन वाजवणाऱ्या दोघा भावांची. तिच्या शेवटी व्हायोलिन वर-वर जात इतके बारीक होते की ते संपले कधी आणि शांतता सुरू झाली कधी, हे सांगता येत नाही. 'इथे खोलीत कोणी हलू नये,' असे त्या चिठ्ठीवर होते.

काकू हलत. त्यांना चहा गाळायचा असे, पडदे ओढायचे असत. "मला गाण्यातलं काही कळत नाही बाई," त्या म्हणत. "बंद झालं की तेवढं कळतं."

रविवारी सकाळी काकांचे दोस्त येत. एक बसचालक होता, त्याच्या आवाजाला घरात बसूनही हॉर्नची सवय होती. एक शाळेतल्या संगीत शिक्षिका होत्या. तिघे मिळून तबकड्या ऐकत आणि मग कोणता कलाकार थोर यावर असे हमरीतुमरीवर येत की मीच मधे पडावे असे मला वाटे. ती वर्षे सुखाची होती. काका माझी धूळ रोज मऊ कुंचल्याने झाडत. "हा माझा तिसरा कान आहे," असे ते पाहुण्यांना सांगत.

उरलेल्या दोन कानांकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते. कवळी गुळगुळीत करायला काकांकडे घासायची एक मोटर होती. ती अशी किंचाळे की माझी सुईसुद्धा शहारे. तीस वर्षे ती काकांच्या कानापासून हातभर अंतरावर किंचाळत होती.

आधी माझा आवाज एका खुणेने वाढला. मग आणखी एका. काकू आतून ओरडत, "अहो, भिंती पडतील!" आणि काका विचारत, "कोण पडलं?" घरात हसू होई. काकाही हसत. पण मी जवळून पाहत होतो. हसण्याआधी ते क्षणभर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग हसत.

एका रविवारी त्यांनी दोघा भावांची तबकडी लावली. व्हायोलिन वर गेले, बारीक झाले, संपले. माझी सुई शेवटच्या रेघेत जाऊन नुसती खर्र, खर्र करत फिरू लागली. काका डोळे मिटून बसले होते. त्यांची मान हळूहळू डोलत होती. एक बोट हवेत धरले होते, कोणी हलू नये म्हणून.

कोणी हलले नाही. शिक्षिकाबाईंनी पदराशी चाळा सुरू केला. शेवटी बसचालकाला राहवेना. "अरे, कधीच संपली की बाजू!" तो म्हणाला. "सुई घासतेय नुसती. कशाला मान हलवतोयस?" त्याला वाईट बोलायचे नव्हते. त्याचा आवाजच तसा होता. काकांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिले.

"या मशीनचं काहीतरी बिघडलंय," ते म्हणाले. "आवाज गिळतं हल्ली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चादरीत गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदार बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला उघडले, सुई भिंगाखाली पाहिली, एक तबकडी लावून शेवटपर्यंत ऐकली आणि स्क्रू पुन्हा बसवले.

"मशीन ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मशीन ठणठणीत आहे, काका! तुम्ही एकदा कान दाखवून या!"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. काकांनी मला उचलले आणि सबंध रस्ताभर छातीशी घट्ट धरले. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटले, मी खरोखर बिघडलो असतो तर बरे झाले असते. घरी आल्यावर त्यांनी माझे झाकण लावले आणि ते दोन वर्षे उघडले नाही.

माझ्यावर तयार कवळ्यांचे डबे रचले गेले. रविवारी कोणी येईनासे झाले, कारण काकांना दाराची घंटा ऐकू येत नसे आणि आली तरी ते उठत नसत. काकू काही बोलल्या तर ते "हं" म्हणत. हा 'हं' होकाराचा की नकाराचा, हे काकूंना कळत नसे. मग त्याही कामापुरत्याच बोलू लागल्या. तबकड्या शेजारच्या कपाटात उभ्या होत्या, पोटात चिठ्ठ्या घेऊन.

मग काकू निवृत्त झाल्या. पहिला आठवडा त्यांनी सगळी कपाटे पुसण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी माझ्यावरचे डबे उतरवले. काका समोरच काम करत होते. काकूंनी कपाटातली डावीकडची पहिली तबकडी काढली, चिठ्ठी वाचली आणि सुई टेकवली. माझ्या तोंडून म्हशीच्या रेकण्यासारखा आवाज निघाला. चाक फिरवणारा माझा रबरी पट्टा न वापरल्यामुळे ताठून गेला होता. मला लाज वाटली. पण काकू डगमगल्या नाहीत. त्यांनी मला पिशवीत घालून त्याच दुकानात नेले, नवा पट्टा घालून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच तबकडी लावली.

त्या रोज एक तबकडी ऐकत. आधी चिठ्ठी वाचायची, मग ऐकायचे, मग काकांच्या अक्षराखाली स्वतः काहीतरी लिहायचे. काका मान वर करून बघत. काकू कधी गालातल्या गालात हसत, कधी डोळे पुसत. ऐकू काहीच येत नसल्यामुळे काकांना ते फारच झोंबू लागले.

"तुला कुठे कळतं त्यातलं?" ते एकदा म्हणाले.

काकू उठून त्यांच्या कानाशी गेल्या. "म्हणून तर तुमचं वाचून मग ऐकतेय. इतकी वर्षं काय चाललं होतं या खोलीत, बघू तरी."

एके दिवशी काकू बाजारात गेल्या असताना काकांनी पाकिटे उपसली. क्लॅरिनेटच्या चिठ्ठीवर काकूंनी लिहिले होते, 'श्वास ऐकला. तुम्ही कवळी बसवताना असाच श्वास धरता.' वाद्यवृंदाच्या चिठ्ठीवर होते, 'भांडणानंतर मुद्दाम लावली. माझीच बाजू खरी होती.' काका एकटेच हसले. मग त्यांनी धुकेवालीचे पाकीट उघडले. तिथे दोनच शब्द होते. 'रडकी आहे.'

काकू दारातून आत आल्या तेव्हा काका ती चिठ्ठी हातात धरून उभे होते.

"रडकी? ही रडकी?"

"हो."

"अगं, आख्ख्या कपाटात हिच्याइतकी धीराची बाई नाही!"

काकूंनी पिशवी खाली ठेवली. त्या जवळ आल्या आणि एकेक शब्द सावकाश बोलल्या. "मला तसं ऐकू आलं. तुम्हाला कसं येतं, ते सांगा."

काकांनी तोंड उघडले. पण सांगणार काय? धुकेवालीचा आवाज त्यांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता. ते स्टुलावर बसले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बाहेरचे कपडे घालून तयार होते. "चल," ते काकूंना म्हणाले, "कानाच्या डॉक्टरांकडे. त्या बाईला कोणी काहीही म्हणेल आणि मी ऐकून घेईन, असं नाही चालायचं." आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते स्वतःच हसले.

डॉक्टरांनी दोन्ही कानांत घालायची यंत्रे दिली. मोटरने वरच्या पट्टीचे सूर कायमचे नेले आहेत, ते परत येणार नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. घरी येऊन काकांनी धुकेवाली लावली आणि लगेच यंत्रे काढून टेबलावर ठेवली. "पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाजतंय. नको मला हे!"

"पहिल्या दिवशी टोचणारच," काकूंनी यंत्रे पुन्हा त्यांच्या हातात ठेवली. "नवी कवळी घेऊन कोणी रडत आलं की तुम्ही काय सांगता? महिनाभर तोंडात राहू द्या, मग तुमचेच दात वाटतील. सांगता की नाही?"

काकांनी यंत्रे पुन्हा कानांत घातली. महिनाभर ते रोज कुरकुरत ऐकत राहिले. हळूहळू वाळू बसली आणि तिच्या खालून गाणी वर आली. धुकेवालीची तबकडी त्यांनी चार वेळा लावली आणि शेवटी कबूल केले की तिसरे गाणे थोडे रडके आहे. काकूंनी तेवढ्यावर समाधान मानले.

दोघा भावांच्या व्हायोलिनचे टोक मात्र आले नाही. ती तबकडी संपल्यावर काकांनी चिठ्ठीवर लिहिले, 'वरचे सूर आता आठवणीतून भरावे लागतात. भरतो.' त्याच आठवड्यात त्यांनी खर्जातल्या गायकाची तबकडी काढली. ती संपली, तेव्हा त्यांनी लगेच दुसरी बाजू लावली. तिच्या चिठ्ठीवर आता असे आहे, 'बेडूक म्हणालो होतो. माफ कर, बाबा. तुझा आवाज तळातून येतो आणि तळ अजून माझ्याकडे शिल्लक आहे.'

आता रविवारी दोस्त पुन्हा येतात. तबकडी लावताना काका सगळ्यांना सांगून ठेवतात, "बाजू संपली आणि मी डोलतच राहिलो, तर सांगा रे." बसचालक सांगतो. खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल असे सांगतो. मोटर चालवताना काका कानांवर जाड टोप्या घालतात.

गेल्या महिन्यात काकूंनी आयुष्यातली पहिली तबकडी स्वतः निवडून आणली. कलाकार काकांना अजिबात ठाऊक नव्हता. दोघांनी शेजारी बसून ती ऐकली. काकांनी सवयीने पेन्सिल उचलली, मग थांबून ती काकूंच्या हातात दिली. काकूंनी बराच विचार करून लिहिले, 'अजून ठरत नाही. परत लावा.' काकांनी परत लावली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू वापराने झिजतात त्यापेक्षा जास्त पडून राहिल्याने बिघडतात. म्हणून आम्हाला वापरा, सुई पुसा, तबकडी कडेने धरा. आणि तुमच्या घरात कोणी सारखे "काय? काय?" विचारत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका, हसू नका. त्याच्या जवळ जाऊन बसा आणि तुम्हाला काय ऐकू आले, ते त्याला सांगा.