करकोच्यांच्या नाण्यावरचा अंगठा

"काकू, ह्या नाण्याला उघड्या हाताने कोण शिवलं?" नाणेवाल्याने डोळ्याचं भिंग न काढताच विचारलं.

जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरलेला होता आणि त्यावर नवऱ्याची लाकडी पेटी उघडी होती. आत वीस खाचा, वीस गोल पारदर्शक डब्या. प्रत्येक डबीत एका राष्ट्रीय उद्यानाचं नाणं. टाकसाळीतून थेट डबीत बंद होऊन आलेलं, बाजार न पाहिलेलं. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. मुलाला पेटी विकायची होती, आणि तिचीही ना नव्हती. घरात ती पेटी म्हणजे एक सवतच होती, आणि सवतीला निरोप द्यायला कोण रडतं?

"शिवणार कोण? बाबा मलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत," मुलगा म्हणाला.

"पण ठसा आहे ना. पहिल्याच नाण्यावर. बघा तुम्हीच." नाणेवाल्याने भिंग तिच्या हातात दिलं.

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होती. एकोणतीस वर्षं दिवसाला दीडेकशे चादरी. लग्नाआधीच तिथल्या यंत्राच्या पत्र्याने तिचा उजवा अंगठा आडवा चिरला होता, त्याची खूण गेली नाही ती नाहीच. भिंगातून तिला आधी तळं दिसलं, मग झाड, झाडावर घरटं आणि घरट्याशी करकोचा. आणि आकाशाच्या मोकळ्या जागेत तपकिरी पडलेला एक अंगठा. मधोमध आडवी चीर.

तिने भिंग खाली ठेवलं. "माझा आहे," ती म्हणाली.

"आई!" मुलगा जवळजवळ ओरडलाच. "अगं कशाला हात लावायचा? अख्ख्या सेटची वाट लागली ना!"

"तेव्हा काही दिसलं नव्हतं रे. मी पुसूनसुद्धा ठेवलं होतं."

"तेच तर," नाणेवाला समजुतीने म्हणाला. "लगेच दिसतच नाही. हाताचा घाम वर्षभराने बोलतो. आणि पुसलं की आणखी बिघडतं."

तिला ती दुपार लख्ख आठवली. लग्नाला वर्ष झालं होतं, मुलगा पोटात होता, सातवा महिना. नवरा वजनमाप खात्यात तपासनीस. दुकानोदुकानी फिरून तराजूतली खोट काढायची हे त्याचं काम, आणि घरी आल्यावरही ते काम काही बंद पडत नसे. भाजीत मीठ किती, उंबऱ्याशी चपला किती अंतरावर, सगळ्याला त्याचं माप. पण पहिलं नाणं आलं त्या दिवशी हाच माणूस सुती हातमोजे घालून लहान पोरासारखा हसला होता. "वीस उद्यानं काढणार आहेत," तो म्हणाला होता. "सेट पूर्ण झाला की आपण निघायचं. एकेक करून वीसही बघायची. पहिलं हे तळं."

ती घरातून इस्पितळात आणि इस्पितळातून घरात एवढंच जग पाहिलेली बाई. तिने ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं, आणि तो बाहेर गेल्यावर डबी उघडून नाणं उजेडात धरून बघितलं.

मग वर्षाला एखादं नाणं येत राहिलं. ते आलं की ती विचारायची, "अहो, किती राहिली?" तो आकडा सांगायचा. मुलगा चार वर्षांचा असताना तिने चालायचे बूट घेतले, तळ्याभोवती फिरायला म्हणून. दुकानात नवरा सोबत होता. खाली वाकून त्याने बुटाचं टोक दाबून पाहिलं होतं. "अंगठ्याला जागा आहे ना? चालताना लागेल नाहीतर." त्या एका वाकण्यावर तिने कितीतरी वर्षं काढली. रजा साठवली, रजा बुडाली. बूट खोक्यातच राहिले आणि त्यांचे तळवे कडक होऊन तडकले. विसावं नाणं आलं तेव्हा तिचे गुडघे गेले होते आणि नवऱ्याला धाप लागत होती. "बघू," तो म्हणाला, आणि पेटी बंद केली. तिनेही मनाशी म्हटलं, चला, नशिबात नव्हतं. नवऱ्याला तिने कधी बोल लावला नाही.

"बरोबर नोंदवही असेल ना?" नाणेवाल्याने विचारलं. "असे लोक वही ठेवतातच. वहीसकट सेट बरा जातो."

मुलाने कपाटातून काळ्या पुठ्ठ्याची वही आणून दिली. नाणेवाल्याने पहिलं पान उघडलं, वाचलं, आणि झटकन वही मिटली.

"काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही काकू. नेहमीचंच."

"वाचा."

त्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने वही ओढून घेतली आणि रोजचं वर्तमानपत्र वाचावं तसं वाचायला लागला. "नाणे क्रमांक एक. पृष्ठभागावर ठसा आढळला. उजवा अंगठा, आडवी चीर. हिचाच. संच आता पूर्ण होणे नाही. विचारले नाही." त्याचा आवाज शेवटी बारीक झाला. खाली तारीख होती. मुलाच्या पहिल्या वाढदिवसानंतरच्या आठवड्यातली.

नाणेवाला भिंग पुसायला लागला. "दुसरं मागवायचं होतं की," तो पुटपुटला. "तेव्हा टाकसाळीत साध्या अर्जावर मिळत होतं. चार आण्याचं काम."

बावीस वर्षं. ती मनातल्या मनात मागे गेली. बूट घेतले ते ह्या तारखेनंतर तीन वर्षांनी. म्हणजे बुटाचं टोक दाबताना ह्याला ठाऊक होतं. "अहो, किती राहिली?" म्हणून ती हौसेने विचारत होती, आणि हा दर वेळी सरळ चेहऱ्याने आकडा सांगत होता. सहल त्याने केव्हाच रद्द केली होती, फक्त तिला कळवायचं राहून गेलं होतं. एकदा ओरडला असता तर? हात धरून विचारलं असतं तर? तिने हो म्हटलं असतं, रडली असती, दोन दिवस अबोला झाला असता आणि संपलं असतं. दुकानदाराच्या तराजूत गुंजभर खोट निघाली तर हा त्याला बोलायची संधी देत असे. तिला तेवढीही दिली नाही.

"बाबा तसेच होते गं," मुलगा म्हणाला. "पण तूही..."

"मीही काय?"

मुलाने वही टेबलावर ठेवली.

नाणेवाल्याने एकोणीस डब्या आपल्या पिशवीत लावल्या. पहिली बाजूला ठेवली. "हे राहू द्या तुमच्याकडे. आठवण म्हणून. वही मात्र लागेल."

"देते. पेन द्या तुमचं."

"काकू, वहीत नवीन काही लिहिलं तर..."

"किंमत जाते, हो ना? जाऊ दे. पेन द्या."

तिने चष्मा सारखा केला. चादरींवर इस्पितळाचा शिक्का मारण्यापलीकडे तिचा शाईशी संबंध उरला नव्हता. 'विचारले नाही' ह्या दोन शब्दांखाली तिने वाकड्यातिकड्या अक्षरांत, सावकाश लिहिलं:

'हो, माझाच. घरट्यात पिल्लू आहे का ते बघत होते. आहे.'

शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग वही मिटून नाणेवाल्यापुढे सरकवली. पहिली डबी नखाने उघडून तिने नाणं बाहेर काढलं आणि उघड्या हाताने मुठीत धरून ठेवलं.