ओसरीतला कैदी

हे केशोरीच्या माणसाला सांगितलं तर तोही मान डोलावणार नाही, आणि तुम्ही तर बाहेरगावचे. तेव्हा विश्वास ठेवायची जबरदस्ती नाही. पण इंग्रजांच्या राज्यात या गावातला एक पोरगा आपल्याच घराच्या ओसरीत कैद झाला होता. शिपाई नाही, बेडी नाही. कैद केलं त्याच्या शिक्षणानं.

भोजराज नागपूरला कॉलेजात होता. साहित्य आणि मानसशास्त्र, असे दोन्ही विषय घेतलेले. दिवाळीला घरी आला तेव्हा बाप चैतरामनं विचारलं, "दोन काऊन? एकानं नाई भागत?"

पोरगा ऐटीत म्हणाला, "साहित्यानं माणूस काय बोलते थे समजते बा, आन् मानसशास्त्रानं काय लपवते थे."

चैतरामनं हे मंडईच्या जत्रेत जिलबीच्या दुकानापुढे उभं राहून साऱ्या गावाला ऐकवलं. ऐकवताना थोडं वाढवलंही.

शेजारचा कवडूमामा रोज येऊन एकच रडगाणं गायचा: टेकचंदनं दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, सरकवला, माझी धानाची बांधी खाल्ली. गोष्टी वाचून भोजराजला सवय लागलेली, की एखादं पात्र तेच ते बोलू लागलं की तिथं थांबून पाहायचं. आणि मानसशास्त्राचे सर सांगत, माणूस आपला दोष दुसऱ्याच्या अंगावर टाकून हलका होतो. दोन्ही विषय डोक्यात एकमेकांना भेटले आणि तोंडून निघून गेलं, "मामा, धुरा तुम्हीच सरकवला."

कवडूच्या हातातली बिडी विझली. "कोणी पायलं?"

"कोणीच नाई."

कवडूनं दुपारीच धुरा मागं नेला. पोरगा मन वाचतो ही बातमी फिरली आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या धुऱ्यांना पाय फुटले. एक तर घाईघाईत तीन बांध्या ओलांडून भलत्याच मालकाकडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून ओसरी भरली. सुमित्राबाईला सुनेच्या मनातलं हवं होतं, केशोरावला जावयाच्या. रामलालची गाय पान्हा चोरत होती. तिच्या मनात काय आहे?

"मले काही येत नाई हो," भोजराज हात जोडायचा.

लोक एकमेकांकडे पाहून हसायचे. त्या मुलुखात विंचू उतरवणारा असो की नाडी पाहणारा, खरा जाणकार 'मले येते' असं कधी म्हणत नाही. म्हटलं तर विद्या उतरते. जो नाही म्हणेल, त्याच्याच दारात बसायचं. भोजराज नाही म्हणत गेला, गर्दी वाढत गेली.

सोमवारी नागपूरला परीक्षा. ती बुडाली तर वर्ष बुडणार, आणि बाप म्हणणार, आता घरीच राह. "बा, बैल जुंप. अर्जुनीची आगगाडी जाईल."

"जुंपतो ना! येवढी सुमित्राबाई होऊ दे."

सुमित्राबाई झाली की केशोराव. भोजराजच्या चपला कोणीतरी धानाच्या ढोलीत टाकलेल्या. उंबऱ्यावर लेकरं मांडीवर घेऊन बाया. तो परसाकडे निघाला की चार जण आपापला लोटा घेऊन सोबतीला.

रविवारी सकाळी त्याला कळून चुकलं, की खरं बोलून या ओसरीतून सुटका नाही. इतक्या गोष्टी वाचल्या, आता एक रचायची.

"आयका!" तो उभा राहिला. "आमच्या कॉलेजात एक काचेची कोठी आहे. तिच्यात बसवून डोक्यात विद्या भरतात, कंदिलात तेल भरतात तशी. माझी तर अर्जुनीला गाडीतून उतरलो त्याच दिवशी सरली. थेंब नाई उरला. आज जाऊ द्या, भरून आणतो. मंग सगळ्यांची मनं वाचतो. गायीचंबी!"

 मग रामलाल म्हणाला, "जाऊ द्या बाप्पा त्याले. लवकर!"

भोजराजची माय रुख्मा शिदोरी बांधायला आत पळाली. चैतरामनं जू उचललं. बाया लेकरं सावरत बाजूला सरकल्या आणि उंबऱ्यापलीकडे अंगणातलं ऊन दिसलं. भोजराजनं अनवाणीच एक पाय बाहेर टाकला.

"थांब," खांबाला टेकलेला कवडूमामा उठला. "गाडीतून उतरला त्याच दिवशी सरली म्हणतोस?"

"हो मामा."

"मंग माह्या धुऱ्याचं त्याच्यानंतर सांगतलंस, थे कोणत्या तेलावर?"

भोजराजनं बाहेर टाकलेला पाय आत घेतला.

"खोटं बोलून राह्यला हा!" कवडू गरजला. "विद्या गच्च भरून आहे याच्यापाशी! चैतराम, सोड थे बैल!"