संदर्भसूचीतले हरिबामामा

“सिस्टर, तुमच्या पाळ्यांच्या तक्त्यात सगळी माणसं सारखीच वाटलीयत की वो.” हातातलं पोछ्याचं दांडकं भिंतीला टेकवून हरिबामामा टेबलावर वाकले. “सकाळी चार, दुपारी चार, रातच्याला चार. देवळातला परसाद हाय का ह्यो?”

शहाबानो सिस्टर चिडल्या. चिडणारच. शिरूरजवळच्या त्या तीस खाटांच्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्या नऊ वर्षं ‘प्रभारी मेट्रन’ होत्या. काम पुरं, मान अर्धा. कायम व्हायचं तर आरोग्य व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका हवी, असा ठराव झाला आणि एकावन्नाव्या वर्षी बाई मनुष्यबळ नियोजन शिकायला बसल्या. किती रुग्णांना किती माणसं, कुठं आणि कधी लावायची, ते शास्त्र. गेल्या वर्षी त्यांचा प्रकल्प परत आला होता. ‘पुस्तकी. तुमचा दवाखाना यात दिसत नाही,’ असा लाल शेरा. ही शेवटची संधी. हुकली तर पुण्याहून पदवीधर मेट्रन येणार होती. आणि फरशी पुसणारा माणूस इथं चुका काढत होता!

“मग तुम्हीच करा तक्ता,” त्या म्हणाल्या.

मामा मूळचे राहू गावचे. त्यांच्या तरुणपणापर्यंत घरची मेंढरं कोकणात उतरायची.

“मला कुठलं जमतंय? पर आमच्यात मेंढ्या व्यायला लागल्या, की निम्मी माणसं कोकरांपाशी. एरवी कळपामागं दोघं बास. कोकरू काय माणसं बघून येतं व्हय? माणसांनीच त्याची येळ बघायची.”

 त्याच संध्याकाळी सिस्टरांनी अपघात विभागाची रजिस्टरं काढली. तीन वर्षांची पानं उलटायला अकरा दिवस लागले, पण दवाखान्याची वेळ सापडली. दुपारी दोन ते तीन. रांजणगावच्या कंपन्यांची पाळी सुटते, बसगाड्या आणि दुचाक्या एकदम हायवेला लागतात, आणि कुणी ना कुणी हातपाय मोडून घेऊन येतं. नेमकी तेव्हाच दवाखान्याचीही पाळी बदलायची. जाणाऱ्या चौघी चार्ज देण्यात, येणाऱ्या चौघी घेण्यात. रुग्ण दारात आणि आठ जणी वहीत डोकं घालून! आणि हा तक्ता वर्षानुवर्षं त्यांनीच लावलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणत त्या स्वतःवरच चरफडल्या.

एकही माणूस न वाढवता त्यांनी दोघींची पाळी बाराला सुरू केली, म्हणजे दोनच्या गर्दीला त्या रुग्णापाशी मोकळ्या. महिनाभरात जखमी माणसाची चाळीस मिनिटांची ताटकळ बारा मिनिटांवर आली.

तोंडी परीक्षेला परीक्षक बाईंनी नेमकं शेवटचं पान काढलं.

“संदर्भसूचीत हे ‘कोळपे, हरिबा’ कोण? पुस्तकाचं नाव दिसत नाही.”

 ‘ते नाव गाळ, हसतील तुला,’ असं शहाबानोंच्या नवऱ्यानं, इनुसनं, परोपरीनं बजावलं होतं. पण ज्याचं त्याला द्यायचं नाही, हे त्यांना जमलं नव्हतं.

“पुस्तक नाही, मॅडम. आमच्या वॉर्डातले मामा आहेत. जातिवंत मेंढपाळ. माणसं कशी मोजायची ते पुस्तकांनी सांगितलं. वेळ कुणाची बघायची, ते यांनी सांगितलं.”

बाईंनी त्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. “गेल्या वर्षी हेच तर मागत होतो आम्ही,” त्या म्हणाल्या आणि मोकळं हसल्या.

पहिला वर्ग! निकाल कळला तेव्हा शिरूरच्या एसटीत सिस्टर खिडकीशी एकट्याच हसत होत्या. शेजारची बाई जरा सरकूनच बसली.

दुसऱ्या दिवशी दवाखानाभर पेढे वाटून झाले, पण मामांचा पत्ता नव्हता. सापडले ते सिस्टरांच्याच दाराशी. स्टुलावर उभे राहून, थिनरच्या बोळ्यानं पाटीवरचा ‘प्रभारी’ शब्द घासत होते.

“मामा, खाली या. हे बघा.”

छापील पानाला हात लावण्याआधी त्यांनी तो विजारीला दोनदा पुसला. मग बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

“एवढ्या शिकल्याल्या लोकांत माझं नाव?”

“व्हय. तुमचं हाय, म्हणून तिथं हाय.” सिस्टरांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मामांनी पान जपून परत दिलं. “थांबा, ह्ये आदी पुरं हुंदे,” म्हणत ते पुन्हा स्टुलावर चढले. पाटीवर ‘प्र’ अजून पुसट दिसत होता. तो पुरता जाईपर्यंत ते काही खाली उतरले नाहीत.