पहिलं दळण

आमच्या रिहे गावात सोपान ओव्हाळांना सगळे सुभेदार म्हणत. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पुढची बढती गावानं दिली, आणि तिला पगार लागत नसल्यानं कुणी हरकत घेतली नाही.

त्यांच्या पिठाच्या गिरणीसमोर माझं किराणा दुकान आहे. समोरासमोरच्या दोन दुकानदारांना एकमेकांचं सगळं माहीत असतं असा लोकांचा समज असतो. माझाही होता. ते वारल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्या दिवशी तो समज गेला.

तसा हा माणूस हिशोबात कधी बसलाच नाही. त्यांचं वय पंच्याऐंशी होतं की सत्याऐंशी, इथपासून घोळ. मला त्यांनी सांगितलं होतं की ते तोफखान्यात होते. वरच्या आळीच्या दादासाहेबांना सांगितलं की बर्फात ट्रक चालवायचो. शाळेच्या मास्तरांना म्हणे वायरलेस. ज्याला जे ऐकायची हौस, त्याला ते. त्यांच्याबरोबर नोकरी केलेले रत्नदीप साळवे त्या दिवशी काठी टेकत आले होते. मी खुर्ची दिली, चहा दिला आणि हळूच विचारलं. ते म्हणाले, "लंगरात होता, फौजेच्या भटारखान्यात. सगळी नोकरी लंगरात. रोट्या भाजायचा. लई चांगल्या भाजायचा."

झालं. तोफखाना वजा.

गिरणीचं मात्र मला पक्कं माहीत होतं, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. फौजेतून मिळालेला पैसा घालून त्यांनी ती टाकली तेव्हा पहिली काही वर्षं त्यांची स्वतःची वस्ती आणि डोंगरावरची कातकरवाडी, एवढंच गिऱ्हाईक. वरच्या आळीचा डबा तिथं जायचा नाही. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. वरच्या आळीला दादासाहेबांच्या चुलत्यांचं डिझेलचं इंजिन होतं. एका पावसाळ्यात ते बसलं ते उठलंच नाही. भाकरी तर खायचीच, म्हणून मग वरची आळी खाली आली. येताना अट घेऊन आली: आमचं दळण रोज सगळ्यांच्या आधी, कुणाचं पीठ न लागलेल्या दगडावर.

सुभेदार म्हणाले, "बरं."

त्यांचं 'बरं' फार स्वस्त होतं. मलाही त्यांनी एकदा जवळ येऊन सांगितलं होतं, "शेठ, तुमचं पहिलं काढतो. पण बोलू नका कुटं, लोक नाराज व्हत्यात." मी आजवर बोललो नव्हतो. मान गुपचूप मिळाला की जास्त गोड लागतो.

आता त्या दिवसाचं सांगतो. मांडव गिरणीच्या दारातच घातला होता. सुभेदारांचा मुलगा अभय हिंजवडीला एका कंपनीत हिशोब बघतो. गिरणी ठेवायची त्याची इच्छा नव्हती. डांबरी रस्त्याला लागून जागा. फार्महाऊसचे प्लॉट विकणारा एक जण तिथं ऑफिस थाटायला टपलेला, करार तयार. आडवी आली ती अभयची बायको वैशाली. शेवटची काही वर्षं गिरणी तीच चालवत होती. सुभेदार नुसते स्टुलावर बसून डबे ओळखायचे. पट्टा चढवणं, दगड उतरवून त्यांना छिन्नीनं टाकी मारणं, सगळं तिचं. तिला गिरणी हवी होती. नवऱ्याच्या पगारावर जगण्यापेक्षा पिठानं पांढरं होणं तिला बरं वाटायचं, असं ती माझ्या बायकोला म्हणाली होती. शेवटी अभयनं मुदत घातली. लोक बाबांना बघून यायचे, म्हणाला. दिवाळीपर्यंत डबे आले तर चालव, नाहीतर जागा प्लॉटवाल्याला देऊ. वैशालीनं मान हलवली होती.

त्रिशरण-पंचशील झालं. मग बोलायला पहिले उठले दादासाहेब. चांगलं बोलले. सुभेदार शिस्तीचा माणूस, शब्दाचा माणूस, वगैरे. आणि मग म्हणाले, "इतकी वर्षं झाली, सुभेदारानं आमच्या घरचा मान राखला. पहिलं दळण आमचं. एक दिवस चुकला न्हाई."

मी खुर्चीत हललो. मनात म्हटलं, बिचाऱ्या दादासाहेबांना फसवलं की.

माझ्या पलीकडे पोस्टातून निवृत्त झालेले वाल्मीकराव. तेही हलले. मागे मास्तर हलले. मांडवात इतक्या खुर्च्या एकदम करकरल्या की बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, पंगत उठली.

तेवढ्यात कातकरवाडीची सोनी उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पदर सावरत ती म्हणाली, "दादा, तुमचं काय तरी चुकतंय. पहिलं आमचं असायचं. आमची नाचणी. माज्या आयला सुबेदारबाबा सवता बोलले हुते, की तुमी डोंगरावनं चालत येता, तुमचं आदी."

दादासाहेबांचा चेहरा असा झाला की त्यांना रागवायचं आहे पण कुणावर ते सापडत नाही. ज्याच्यावर रागवायचं तो समोर फोटोत हार घालून बसलेला. मग वाल्मीकराव उठले, मास्तर उठले, वस्तीतल्या चंद्रकलाबाई बसूनच बोलल्या. ज्याचं त्याचं पहिलं. वस्तुतः सकाळ एक, गिरणी एक. मीच तेवढा गप्प राहिलो. दुकानदारानं गिऱ्हाइकांच्या भांडणात पडू नये.

अखेर सगळे वैशालीकडे वळले. गिरणीत रोज कोण असायचं? ती. मग तिनंच सांगावं. अभय तिला डोळ्यांनी नको म्हणत होता. तो कसलेला हिशोबनीस. कुठलंही नाव घेतलं तरी एक डबा राहतो आणि बाकीचे जातात, हे त्याला दिसत होतं.

वैशालीनं पदर खोचला. मग म्हणाली, "पहिलं कुणाचंच न्हाई. पहिलं आमच्या घरचं. रातच्याला दगडात आदल्या दिवशीचं पीठ ऱ्हातं, सगळ्यांचं मिळून. टाकी मारली असंल तर दगडाची कच बी पडती. ते पहिल्या दळणात उतरतं. म्हणून बाबा रोज आपले दोन शेर तांदूळ घालायचे आन् मग तुमचे डबे घ्यायचे. मी लगीन होऊन आले तवापास्नं त्याच पिठाची भाकरी खातीय. कच लागती. सवय झाली."

जे आम्ही मान म्हणून मागून घेतलं होतं, ते गिरणीतलं सगळ्यांत वाईट पीठ होतं. आणि कुणाचंच न लागलेला दगड म्हणून ज्याच्यावर हक्क सांगितला, त्याला सकाळी सगळ्या गावाचं पीठ लागलेलं असायचं. ही चूक करायलाही आमच्यासारखं गाव लागतं.

अभयनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं प्लॉटवाल्याच्या करारावर सहीच करून टाकली.

जेवताना पंगतीत याच्यावर कीस पडला. मास्तर म्हणाले, हा त्याग आहे. वस्तीतला मनीष वकिली शिकतो; तो म्हणाला, त्याग कसला, पहिला मान आजोबांनी तुमच्या हातावर तुरी देऊन रोज स्वतःच्या घरी नेला, आणि तुम्ही दळणाचे पैसे देऊन वर आभार मानलेत. रत्नदीप साळवे वरणात भात कालवत म्हणाले, त्यात काय एवढं, लंगरातला नियम आहे. शिजवणाऱ्यानं आधी खायचं, बिघडलं असेल तर पहिलं त्याचं पोट. मला तिघांचंही पटलं, म्हणून मी जास्तच गोंधळलो. त्याग म्हणावा तर खोटं बोलायची काय गरज होती? सूड म्हणावा तर कच स्वतःच्या दाताखाली कोण घेतं? लंगर म्हणावं तर तोफखाना कशाला सांगितला?

वैशाली वाढायला आली तेव्हा तिलाच विचारलं.

"मीबी इचारलं होतं एकदा," ती म्हणाली. "बाबा म्हणले, कच चावली की जाग येती." आणि भाताची पाटी घेऊन पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली. एकही डबा आला नाही. तिसऱ्या दिवशी कातकरवाडीतून सोनी नाचणी घेऊन आली, तेवढंच. वरच्या आळीतले लोक माझ्याकडून पॅकेटचं पीठ नेऊ लागले. माझा धंदा वाढला आणि मला त्याचा आनंद होईना, हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं. अभय एकदा संध्याकाळी शटरची रुंदी मोजून गेला. वैशाली स्टुलावर बसून असायची, सुभेदारांचा बसायचा तोच कोपरा धरून, आणि रस्त्याकडे बघायची.

आठवड्यानं दादासाहेब आले. त्यांचा डबा नेहमी गडी आणायचा. त्या दिवशी स्वतःच्या खांद्यावर होता, आणि वाट मागच्या बोळातली. मी बिड्यांची बंडलं लावायच्या निमित्तानं दुकानाच्या पायरीवर आलो.

डबा खाली न ठेवताच त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पॅकेटच्या पिठाची भाकरी मोडती गं. बाकीच्यांचं सोड. त्यांना सुभेदारानं खेळवलं आसंल. आमचं खरंच पहिलं असायचं ना?"

एक 'व्हय' म्हटलं असतं तर वरची आळी परत आली असती. सासऱ्यानं तेच केलं असतं, आणि मला वाटलं तीही करील.

"पहिलं पायजे तर देते, दादा," वैशाली म्हणाली. "कालच टाकी मारलीय. कच यील."

दादासाहेबांनी डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मग दुसरं दे."

"दुसरं सोनीचं हाय. तिसरं चालंल का?"

दादासाहेबांनी बोळात मागे-पुढे पाहिलं. डबा जड होता, आणि त्यांचा खांदा काही तरुण नव्हता. शेवटी त्यांनी तो सोनीच्या नाचणीच्या मागे टेकवला, म्हणाले, "घरी सांगू नगं," आणि आले तसे बोळातून गेले.

त्या दिवशी दुपारपर्यंत रांगेत सात-आठ डबे लागले. प्रत्येक जण स्वतः घेऊन आला, आणि मागच्या बोळातून. संध्याकाळी अभयनं त्या प्लॉटवाल्याला फोन केला. शब्द ऐकू आले नाहीत, पण तो बोलत कमी होता आणि ऐकत जास्त होता, म्हणजे समोरचा चिडला असावा. आतून गिरणीचा आवाज येत होता.

मीही माझा डबा नेऊन सगळ्यांच्या मागे ठेवला आणि नंबर विचारला नाही. पण वैशाली काहीही म्हणो, सुभेदारांनी ज्या दिवशी मला जवळ येऊन सांगितलं त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला होता. बाकीच्यांना ते काय बोलले ते मला माहीत नाही. माझ्याशी ते खोटं बोलत नव्हते.